कादंबरीचं काम जोरात

नगरच्या कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या फरहीनला भाऊबंदकीचे दावे परवडायचे, पण कदम सरांची कादंबरी नको वाटायची. चार वर्षं सर दर सोमवारी यायचे आणि तोच आराखडा पात्रांची नावं बदलून पुन्हा टाईप करून न्यायचे. मागच्या महिन्यात अर्पणपत्रिका झाली, मग लेखकाचा दोन पानी परिचय झाला. पहिलं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

"सर, कादंबरी कधी आणताय?" तिने एकदा विचारलंच.

"साहित्य आहे ते बाई, तुझं ॲफिडेव्हिट नव्हे."

आज सर पेढे घेऊन आले. पुण्याच्या कुण्या समीक्षकाची प्रस्तावना आली होती. पाकीट न फोडताच त्यांनी ते तिच्यापुढे ठेवलं. फरहीन ते फोडून टाईप करू लागली : 'ही कादंबरी मी एका बैठकीत वाचून काढली. शेवट तर काळजाला चटका लावून जातो.'

तिचे हात थांबले. तिने सरांकडे पाहिलं. सर खुर्ची ओढून स्क्रीनला डोळे लावून बसले होते.

"थांबलीस का? पुढे बघ ना, शेवट काय केलाय म्हणतात?"