खड्डा बुजवण्याची रीत

मृदा सर्वेक्षणासाठी खणलेल्या छातीएवढ्या खड्ड्यात उतरून मी मातीचे थर मोजत होतो. काठावर दोन वेगळे ढीग होते. “बुजवताना मुरूम आधी, काळी माती वर,” असं मी सकाळीच शेतमालकाला आणि खणणाऱ्या त्याच्या भावजयीला बजावलं होतं.

तीन बाजूंना वर काळी माती, खाली पिवळा मुरूम. चौथ्या बाजूला मात्र सगळंच कालवलेलं. “मालक, इथे आधी कुणीतरी खोल खणून बुजवलंय,” म्हणत मी सुरीने उकरलं. चामड्याचा पट्टा निघाला आणि त्यात अडकलेलं कमरेचं हाड.

“हा तर ह्यांचा पट्टा,” भावजय म्हणाली. “भाऊजी, ते सुरतेला पळाले म्हणून सांगितलंत ना?”

तिला जमेतही न धरता तो फावडं उगारून माझ्यावर धावला. मी डोकं झाकलं. कवटी फुटल्याचा आवाज आला, पण फुटली त्याची. तो माझ्या पायाशी कोसळला. पाठोपाठ ती पहार घेऊन खाली उतरली आणि तो हलायचा थांबेपर्यंत घाव घालत राहिली.

मग तिने तोंडावरचं रक्त पदराने पुसलं.

“आधी ह्यांना वर काढू, साहेब. मग मुरूम, नि मग काळी.”