दोन्ही गटांत सारखंच

"हे औषध तुम्ही मारलंत. स्वस्त आहे म्हणून मारलंत."

डॉक्टरीणबाई समितीच्या लांबलचक टेबलापुढे उभ्या होत्या. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. हिवतापावरची जुनी, कवडीमोलाची गोळी यकृताच्या कर्करोगाला आवर घालते, हे त्यांनी उंदरांवर दाखवलं होतं. माणसांवरच्या चाचणीला कशीबशी परवानगी मिळाली, आणि आज समितीनं ती गुंडाळली होती.

"स्वस्ताईचा प्रश्नच नाही," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले. "अर्ध्या पेशंटना तुमची गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कुठली, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. आता यादी उघडून पाहिली, तर दोन्ही गटांत सारखंच."

"पण सगळेच अंदाजापेक्षा जास्त तग धरून आहेत. पिठाची घेणारेसुद्धा."

"मग पीठच विकायला काढा की," शेजारचा म्हणाला. दोघं-तिघं हसले.

बाई बाहेर पडल्या. या गोळीपायी त्यांचं घर कधीच मोडलं होतं. "तिच्याशीच संसार कर," म्हणून नवरा गेला. बहिणीनं फोन करणं सोडलं, कारण फोनवरही विषय तोच. घरात दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कागदांचा ढीग. कुणी येणारच नाही म्हटल्यावर ती मोकळी तरी कुणासाठी करायची?

आपली माणसं म्हणावीत तर हेच पेशंट. दर आठवड्याला तपासणीला यायचे, रिकामी बाटली परत करून भरलेली न्यायचे. पण लगेच घरी जातील तर शपथ. बाहेरच्या बाकांवर त्यांचा अड्डा जमायचा. ते हसणं बाई आतून ऐकत राहायच्या. कधी दार उघडलं की सगळे एकदम गप्प. डॉक्टरपुढे कोण मोकळं बोलतं, असं मनाशी म्हणून त्या दार लोटून घ्यायच्या.

आज त्या स्वतःच बाकापाशी गेल्या.

"काय बाई, तोंड का उतरलंय?" शिंप्यानं विचारलं. "आमच्यातल्या कुणाचं तिकीट कापलं की काय?"

"औषध बंद झालं. आजपासून गोळ्या मिळणार नाहीत."

"असं कसं?" इस्त्रीवाली मावशी उठून उभी राहिली. "मला गुण येतोय. पोरगीसुद्धा म्हणते, तोंडावर तरतरी आलीय."

"ते म्हणतात, पिठाच्या गोळीनंही तेवढाच गुण येतो. म्हणजे औषध कुचकामी."

शिंप्यानं म्हाताऱ्या मास्तरांकडे पाहिलं.

"तुमचा काही दोष नाही," बाई घाईनं म्हणाल्या. "तुम्ही एक गोळी चुकवली नाहीत. तुमच्यासारखे पेशंट मिळायला नशीब लागतं. गुन्हेगार ते आहेत, टेबलापलीकडचे."

मास्तर खाकरले.

"बाई, पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना पिठाची. ते काही आमच्या गळी उतरेना. म्हणून आम्ही सगळ्यांच्या बाटल्या एका डब्यात ओतायचो, ढवळायचो आणि सारख्या वाटून घ्यायचो. म्हणजे खरी गोळी प्रत्येकाच्या पोटात थोडी तरी जाईल. एकाच बाकावर बसून एकानं जगायचं आणि दुसऱ्यानं पीठ खाऊन मरायचं, हे कसं बघवणार? तुम्हीच सांगा बाई, यात आमचं काय चुकलं?"