शेवट पुस्तकात

आनंदरावांनी मोबाईल माया मॅडमच्या टेबलावर पालथा ठेवला. आतला आवाज आपल्या देखत पुन्हा बाहेर पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

"ही गोष्ट थांबवा," ते म्हणाले.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या शाळेतल्या मॅडम रोज संध्याकाळी एक गोष्ट मोठ्यानं वाचायच्या आणि आवाज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या. पोरं मोबाईल सोडत नाहीत, तर मोबाईलनंच त्यांना पुस्तकापर्यंत आणावं, असा त्यांचा बेत होता. गोष्ट ऐन रंगात आली की त्या थांबत. पुढचं शाळेतल्या पुस्तकात. ज्याला धीर नसेल त्यानं येऊन वाचावं. पोरांना धीर नव्हताच. जी पुस्तकं इतकी वर्षं फक्त तपासणीच्या दिवशी कपाटाबाहेर येत, ती आता घरोघर फिरून कोपरे मुडपून परत येत होती. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष या नात्यानं आनंदरावांनीच नारळ फोडून या उपक्रमाचं कौतुक केलं होतं. तेव्हा गोष्ट कोल्ह्याची होती.

आता ती धोंडजीची होती. हा धोंडजी दरसाल भातलावणीच्या आधी, बांध नीट करायच्या निमित्तानं, त्याला कुदळ लावायचा आणि थोडा थोडा बांध आपल्या खाचरात ओढून घ्यायचा. काल तो असाच वाकलेला असताना मागून कुणाची तरी सावली पडली, आणि मॅडम तिथंच थांबल्या.

आनंदरावांच्या नातीनं, सोनियानं, ती गोष्ट भर स्वयंपाकघरात लावली. ऐकता ऐकता सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. का लावला, ते आनंदरावांनी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतं.

धोंडजी नावाचा माणूस पंचक्रोशीत नव्हता, हाच त्यांच्या मते पहिला पुरावा. ज्याला काही लपवायचं असतं तोच नाव बदलतो. दुसरा पुरावा असा, की मॅडम उत्रोलीच्या; आणि आनंदरावांच्या खाचराला लागून ज्याचं खाचर, त्या कुंडलिकची सासुरवाडीही उत्रोलीच. भोरच्या बाजारात दोन उत्रोलीकर भेटले की काय बोलतात, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"ह्यो लिवणारा कोण?" त्यांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, तो कधीच वारला.

"वारायच्या आधी हिकडं आलता का कधी?"

"ते मला नाही माहीत."

"मंजी आलाबी आसंल."

मग आनंदरावांनी उन्हाळा औंदा लई आहे, एसटी वेळेवर येत नाही, असं इकडचं तिकडचं काढलं आणि त्याच ओघात बदल्यांचा हंगाम तोंडावर आल्याचंही सांगून टाकलं. उत्रोलीहून येऊन हितं खोली घेऊन राहायचं म्हणजे हाल. त्याहून लांब गेलं तर आणखी हाल. त्यांना बिचाऱ्यांना मॅडमची काळजी वाटत होती.

मॅडमनी काळजी ओळखली. तुम्ही म्हणत असाल तर आजपासून आवाज टाकत नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. फक्त एक अडचण होती. शेवट पोरांनी आधीच वाचला होता.

"कोणी?"

"पहिली सोनियाच. काल आवाज टाकल्यावर पोरं लगेच माझ्या खोलीवर आली आणि तिथंच वाचून गेली."

सकाळी चहाचा कप देताना नात जरा जास्तच वेळ आपल्या तोंडाकडं बघत होती, हे आनंदरावांना आता आठवलं.

"काय हाय शेवटाला?"

"सांगायचं नाही, असा नियम आहे. वाचायचं."

"मग आना ते पुस्तक. अध्यक्ष म्हनून चौकशी करावी लागंल मला."

"पुस्तक नाहीये," मॅडम म्हणाल्या. "चौकशीसाठी कुंडलिकराव घेऊन गेलेत."

सकाळी शाळेचं कुलूपही निघालं नव्हतं तेव्हापासून कुंडलिक पायरीवर बसून होता, असं मॅडमनी सांगितलं. त्याचंही म्हणणं तेच, गोष्ट थांबवा. अध्यक्षांनी मॅडमना हाताशी धरून आपली बदनामी चालवली आहे, असा त्याचा वहीम होता.

"त्याची बदनामी? त्याचा काय संबंध धोंडजीशी?"

"तेही तुमच्याबद्दल हेच म्हणाले." मॅडमनी मोबाईल उचलून त्यांच्या हातात दिला. "आजचा आवाज टाकू का नको?"

"चौकशी पुरी हू द्या," असं म्हणून आनंदराव निघाले. घराकडं वळायच्या जागी ते वळले नाहीत. तडक शेताकडं चालू लागले.

कुंडलिक दोघांच्या मधल्या बांधावर बसला होता. एक पाय त्याच्या खाचरात, एक आनंदरावांच्या. मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट, आणि ओठ हलत होते. पानावर सावली पडली तसं बोट थबकलं.

"पानी बघाया आलतो," आनंदराव म्हणाले. एप्रिल चालू होता आणि दोन्ही खाचरांना भेगा पडलेल्या होत्या.

"व्हय, बघाया पायजे," कुंडलिक गंभीरपणे म्हणाला.

कुंडलिकनं पुस्तक मिटलं नाही.

"आला का शेवट?"

"आलाच. थोडकीच पानं ऱ्हायली." कुंडलिकनं वर पाहिलं. "बसा अण्णा. मोठ्यानं वाचतो."

आनंदरावांनी बसायला जागा बघितली. कुंडलिकच्या अलीकडं बघितली, पलीकडं बघितली. मग वाकून धोतर सावरलं आणि तसेच उभे राहिले. दोन माणसं शेजारी बसतील एवढा बांध कुठंच उरलेला नव्हता.