पुढं आलेलं पान

मूथू आणि तिची विधवा भावजय पॉवा धुक्यातून सालवीन नदीकाठचा डोंगर चढत होत्या. दोघं दोघं जा, वाटेसाठी अन्न नको, झोळी नको, असं येशूनं शिष्यांना सांगितलेलं. म्हणून दोघींचे हात रिकामे होते. "वन्सं, पोटात कावळे कोकलतायत," पॉवा म्हणाली, "प्रभूनं निदान मिरचीची चटणी तरी न्या म्हणायचं होतं." मूथू हसली, पण वरचं गाव धुक्यात तरंगताना दिसलं तशी दोघींची पावलं मंदावली. याच गावातल्या एकानं मूथूच्या भावाला, म्हणजे पॉवाच्या नवऱ्याला, ठार मारलं होतं, आणि तेव्हापासून इथलं पाणीही पिणार नाही अशी पॉवाची शपथ होती. पहिल्याच घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिनं दोघींना ओळखलं. "शुभवर्तमान सांगायला आलात? आणि रिकाम्या हातानं?" "शास्त्रात तसंच लिहिलंय, आजी," मूथू म्हणाली. म्हातारी आत जाऊन भाताचं भांडं घेऊन आली. मग तिनं केळीच्या पानावर वाफाळता भात वाढून पॉवापुढं सरकवला. "मारणारा माझाच मुलगा. आमच्या घरचं खाल्लंस, तर वैर संपलं. नाही खाल्लंस, तरी माझा राग नाही." मूथूला शास्त्रातली पुढची ओळ पाठ होती: जे वाढतील ते खा. पण ती बोलली नाही. पॉवालाही ती पाठ होती. भाताची वाफ धुक्यात मिसळत राहिली. पॉवानं डोळे मिटले, घास घेतला, सावकाश गिळला. "मीठ कमी पडलंय, आजी." म्हातारीनं आतल्या अंधाराकडे तोंड वळवून हाक मारली, "बाहेर ये रे. खाल्लं तिनं."