नळावरचा पहिला मगा

"माह्या हातावरच्या खळीचा पापड झाला, मावशी. आता तळून खा," प्रेमिला पुटपुटली.

पार्वतीबाईंनी तिच्याकडे न बघता पंचांगाच्या छापलेल्या फॉर्माची घडी नखानं दाबली. "हळू बोल वं. ऐकू जाते."

"जाऊ द्या. ऐकू जात असतं तं अजून बसलो असतो का आपण?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. छापखाना साडेपाचला सुटायचा. ट्रेडल छापयंत्र बंद होतं. शालिकरामनं त्याच्यावर फडकंसुद्धा टाकलं होतं, आणि तो शाईचे हात अंगापासून लांब धरून दाराशी उभा होता, पंगतीतून उष्ट्या हातानं उठलेल्या माणसासारखा. मागच्या अंगणात नळ होता, नळाखाली बालदी, खुंटीला पितळी मगा. त्या मग्याला आधी हेड कंपोझिटर वामनराव हात लावणार, मग बाकीचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर एव्हाना कोणीतरी खोडला असता.

वामनराव केसपुढे, खिळ्यांच्या खणांच्या पेटीपुढे, उभे होते. सकाळी छापून झालेलं पान सोडवून अक्षराचा एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात टाकत होते. हे काम उद्या सकाळी झालं असतं. एक 'ळ' त्यांनी उजेडाकडे धरून दोनदा पाहिला आणि मग टाकला.

पूर्वी असं नव्हतं. वामनरावांच्या घरी सुभद्रावहिनी होत्या तेव्हा साडेपाचचा ठोका पडला की ते नळावर. आधी घासलेट, मग साबण, मग परत साबण. "हाताले शिशाचा वास आला तं ताट वाढून भेटत नाही गा," असं शालिकरामला सांगत हसायचे. त्यांच्यामागे सगळे भराभर मोकळे व्हायचे. सहाच्या आत महाल भागातल्या त्या गल्लीत छापखान्याचं दार लागलेलं असायचं. तेव्हा त्या मग्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं.

पुढच्या खोलीतून मालक मनोहरराव आले. काखेत पाटी होती: तरुण मुले-मुली पाहिजेत. या वर्षात ती चौथ्यांदा बाहेर निघाली होती.

"प्रेमिला येत्या एक तारखेपासून हिंगण्याच्या कंपनीत जाऊन राहिली," ते सगळ्यांना म्हणाले. "पंचांगाचे अर्धे फॉर्म अजून घडीचे बाकी. आता अशी सराईत हाताची पोरगी मी कुठून आणू? उन्हाळ्यात पंखा लावला. चहा दोनदा केला. रेडिओ लावू देतो. तरी पोरं काहून टिकत नाहीत, सांगा ना मले कोणी."

शालिकरामनं आपल्या हातांकडे पाहिलं. "उजेड कमी पडते जी."

"बल्ब लावू."

"घासलेटचा वास बी येते."

"अन् हिंगण्याले काय अत्तर शिंपडतात का?"

प्रेमिला बोटावरचा खळीचा पापुद्रा सोलत होती. "तिथं भोंगा वाजते," ती म्हणाली. "भोंगा वाजला का सारे सोबतच नळावर. साहेब बी अन् झाडूवाला बी."

मालक हसले. "बस? भोंगाच पाहिजे? आणतो."

दुसरं कोणी हसलं नाही. वामनरावांकडेही कोणी पाहिलं नाही. सगळे पंख्याकडे बघत राहिले. तो तर थंडीमुळे दिवाळीपासून बंद होता.

वामनराव मान वर न करता बोलले, "आजकालच्या पोरायले दम नाही. आधीचे हेड दादाजी हात धूत, तोवर आम्ही मागं उभे राहू. काही बिघडलं का आमचं? अन् ते कामावरून सुटले त्या दिवशी त्यायनं स्वतः मगा माह्या हातात देल्ला. सगळ्यायच्या समोर. मी घरी जाऊन सांगितलं तं..."

एक खिळा खणात पडल्याचा आवाज आला. मग दुसरा.

घड्याळात सहाचे ठोके पडले.

"गेली बस," प्रेमिला स्वतःशीच म्हणाली. हुडकेश्वरची पुढची साडेसातला होती. या आठवड्यात ही चौथी चुकली. तिनं खुंटीवरची पिशवी काढली, तशीच, खळीच्या हातानं. पदर सावरला आणि दाराकडे निघाली. हात न धुता छापखान्यातून आजवर कोणी गेलं नव्हतं. शालिकराम बाजूला सरकला. मालकांच्या काखेतली पाटी खाली घसरली.

पार्वतीबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "थांब वं," म्हणाल्या, आणि मागच्या अंगणात गेल्या. बालदीत काही बुडवल्याचा आवाज आला.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पितळी मगा होता, काठोकाठ भरलेला. बावीस वर्षांत वामनरावांच्या आधी त्यांनी तो कधी उचलला नव्हता. चालताना पाणी सांडत होतं, फरशीवर, कागदाच्या कातरणांवर. त्या केसपाशी येऊन उभ्या राहिल्या. वामनरावांची चिमूट खणावर तशीच राहिली.

"वामनराव," पार्वतीबाई म्हणाल्या, "वहिनी गेल्यापासून तुमाले घरचं कुलूप उघडू वाटत नाही, हे इथं साऱ्यायले माहीत आहे. म्हणूनच बसून राहतो जी आम्ही. पण या पोरीची माय रोज हुडकेश्वरच्या फाट्यावर कंदील घेऊन उभी राहते."