डबीवरचे ठिपके

“हेही बोथट,” म्हणत डॉक्टरांनी दात कोरायच्या यंत्राचं तिसरं टोक ट्रेमध्ये टाकलं. खुर्चीतल्या शिंप्याने डोळे घट्ट मिटले.

“नऊ वेळा वाफेतून निघालंय, डॉक्टर. धार जाणारच,” मदतनीस मावशी म्हणाल्या आणि लगबगीने दुसरी डबी उघडली.

डॉक्टरांची लेक शेजारीच उभी होती. तीही दातांचीच डॉक्टर, महिन्यापूर्वी वडिलांच्या हाताखाली आलेली. तिचा जीव नुसता खालीवर होत होता. टोक वापरलं की ते वाफेच्या यंत्रात निर्जंतुक व्हायचं, आणि दर वेळी मावशी त्याच्या डबीवर लाल ठिपका द्यायच्या. दहा झाले की टोक बाद. इतका सोपा नियम. मग बाबांच्या हाती रोज नेमकी म्हातारी टोकंच कशी येतात? मावशींना वाफेचं यंत्र धड चालवता येत नाही आणि खापर वाफेवर. नाचता येईना, अंगण वाकडं.

एका दाताला पाऊण तास लागला. शिंपी गाल धरून गेला.

“बाबा, मावशींना आता घरी बसू द्या.”

“बावीस वर्षं आहेत त्या इथे.”

“म्हणूनच म्हणतेय.”

डॉक्टर उठले. हात धुवायला आत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून तिने ट्रेमधलं, नऊ ठिपक्यांच्या डबीतून निघालेलं टोक भिंगाखाली धरलं. मग दुसरं. मग तिसरं. एकाचीही कड झिजली नव्हती. तिने पायाने कचऱ्याचा डबा उघडला. वर नव्या टोकांची तीन पाकिटं पडली होती, आज सकाळीच फाडलेली.

मावशी दारात उभ्या होत्या. ॲप्रनच्या खिशात लाल पेन.

“ही कोरी आहेत, मावशी. मग नऊ ठिपके कसले?”

मावशींनी नळाच्या दिशेने पाहिलं. “हळू बोला, ताई.”

नळ बंद झाला. डॉक्टर हात पुसत बाहेर आले. चेहरा बराच निवळला होता.

“मावशींना नको काही बोलूस. त्या सांगतात तेच खरं, वाफेनंच धार मरते. मला आपलं उगाच वाटत होतं, माझा हातच गेला की काय.”

लेकीने कचऱ्याच्या डब्यावरचा पाय हळूच काढून घेतला.

“पुढचे पेशंट मी घेते, बाबा. चांगली टोकं येईपर्यंत,” ती म्हणाली. मग मावशींच्या खिशातलं पेन काढून तिने डबीवर दहावा ठिपका दिला.