गाजरावरचे ठसे

तक्ता उतरवायला ती स्टुलावर चढली आणि खालच्या कोपऱ्यात रंगवलेल्या गाजराशीच थबकली. गाजरावर तेलकट बोटांचे ठसे होते. एवढेएवढेसे, एकावर एक.

उद्या ‘सकस आहार’ लिहिलेला हा तक्ता शाळेच्या स्टेजवर जाणार होता, आणि माईक तिच्या हातात. “एकवीस दिवस आमच्या घरात वेफर्सचं एकही पाकीट आलेलं नाही!” हे वाक्य तिने रोज संध्याकाळी ठणकावून म्हटलं होतं. समोर बसून तिची धाकटी बहीण, पिटुकली, हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटायची.

तिने खालच्या टाचण्या काढल्या. तक्ता सर्रकन वर गुंडाळला गेला. मागच्या कोनाड्यात वेफर्सची पाकिटं शहाण्या पोरांसारखी रांगेत उभी. चकचकीत!

“आई!”

आई आत आली. शिलाई कारखान्यातले धागे अजून तिच्या केसांत होते. पिटुकली तिच्या पाठीमागे गुडूप.

“माझ्याच तक्त्यामागे? तू तर म्हणालीस, ‘भाषणबाई, तुझ्यासाठी सगळं बंद!’”

“केला होता ना पालक. तीनदा केला. तिन्ही वेळा हिने थुंकून टाकला. भाजी गेली ती गेली, वर लेकरू उपाशी झोपलं.”

“मग सांगायचं मला! तुम्हा दोघींना माहीत, आणि मी एकटीच येडी?”

आई भिंतीला टेकून खाली बसली. “सकाळी उठल्यापासून मी हिला नाहीच म्हणते गं. सहल? नाही. सायकल? नाही. चप्पल? पुढच्या महिन्यात बघू. ह्या पाकिटाला चिल्लरीत एकदा हो म्हणता येतं. नाचते मग दिवसभर.”

“आणि मला?” तिचा आवाज चिरकला. “मलाही एकवीस दिवस हो-हो करत होतीस ना?”

आई धागा चिमटीत धरून ओढत राहिली.

“तुला हो म्हणायला तर चिल्लरही लागत नव्हती.”

तिने वरच्या टाचण्याही काढल्या. स्टुलावरून उतरली, तक्ता जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. पिटुकली हळूच पुढे येऊन नेहमीच्या जागी, टाळ्यांच्या तयारीत बसली.

आईने ओलं फडकं आणलं आणि उद्यासाठी ते ठसे पुसायला घेतले. तेल हललंसुद्धा नाही. गाजर मात्र सगळं फडक्यावर आलं.